मोटारीऐवजी पिकअप ट्रक : इतक्या चालकांची पसंती नेमकी कशामुळे?

चाकोरी (प्रश्न)

अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड या देशांतील वाहनविक्रीविषयी वाचताना एक गोष्ट मला सतत कोड्यात टाकते. अमेरिकेत फोर्डची एफ-मालिका ही पिकअप ट्रकांची (पुढे केबिन, मागे सामानासाठी उघडा हौदा) मालिका १९७७ पासून सर्वाधिक खपाचा ट्रक राहिली आहे आणि तिचे ग्राहक केवळ शेतकरी किंवा बांधकाम व्यावसायिक नाहीत. रोज कार्यालयात एकट्याने जाणारी, हौदा बहुतेक दिवस रिकामाच असणारी माणसेही ती घेतात. पिकअप ही मोटारीपेक्षा लांब आणि जड असते, इंधन अधिक घेते आणि अरुंद जागेत उभी करणे कठीण जाते. एवढे सगळे सोसून माणसे ती का निवडतात? ‘रुबाबासाठी’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण केवळ रुबाबावर एखाद्या वाहनाची मागणी इतकी दशके टिकत नाही. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी किंवा या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

लोहपट्टी

मी सुतारकाम करतो आणि पिकअप व मोटार दोन्ही वापरल्या आहेत, म्हणून उपयोगाच्या बाजूने लिहितो.

पिकअपचा खरा गुण उघड्या हौद्यात आहे. प्लायवूडचा पूर्ण आकाराचा तक्ता, वाळू, खत, ओली माती लागलेली अवजारे, उभे ठेवावे लागणारे कपाट या वस्तू मोटारीत एक तर मावत नाहीत किंवा आसनांची नासधूस करतात. हौद्यात त्या वरून किंवा बाजूने ठेवता येतात, मागचा फाळका पाडला की लांब वस्तूंनाही आधार मिळतो आणि काम संपल्यावर हौदा पाण्याने धुता येतो. पेट्रोलचे डबे किंवा उग्र वासाची रसायने माणसांपासून वेगळी राहतात, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

दुसरी बाजू बांधणीची आहे. बहुतेक मोटारींमध्ये सांगाडा आणि बाह्य कवच एकसंध असते. बहुतेक पिकअपमध्ये मात्र शिडीच्या आकाराच्या पोलादी चॅसीवर केबिन आणि हौदा स्वतंत्रपणे बसवलेले असतात, आणि मागे बहुधा अखंड अ‍ॅक्सल व पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात. जड ओझे, खडबडीत रस्ता आणि ओढण्याचा ताण ही रचना वर्षानुवर्षे सोसते. बोट, घोड्याचा ट्रेलर किंवा फिरते घर ओढणाऱ्यांना ती म्हणूनच लागते. त्याची किंमतही मोजावी लागते : हौदा रिकामा असला की मागची बाजू उसळते आणि ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांची पकड कमी पडते. काही उत्पादकांनी पाट्यांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा बसवून हा दोष बराच कमी केला आहे.

रिकाम्या हौद्याविषयी माझे मत असे की माणूस वाहन घेताना रोजच्या दिवसाचा विचार करत नाही, वर्षातल्या सर्वांत अवघड दिवसाचा करतो. घर बदलणे, झाड पडणे, नातेवाइकांचे सामान हलवणे अशा वेळी दुसऱ्याकडे वाहन मागावे लागू नये, ही इच्छा फार प्रबळ असते.

जुने_नकाशे

लोहपट्टी यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु ग्राहकाची पसंती कायद्यांनी आणि बाजाराने किती घडवली आहे, हे पाहिल्याशिवाय मूळ प्रश्नाचे उत्तर अपुरे राहील.

सुरुवात निखळ उपयोगातूनच झाली. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी मोटारीला कारखान्यातच हौदा बसवून ती विकायला काढली. त्याआधी लोक स्वतः किंवा स्थानिक कारागिरांकडून हौदे जोडून घेत. ऑस्ट्रेलियात १९३४ मध्ये लुईस बँट या तरुण अभियंत्याने फोर्डसाठी मोटारीसारखी केबिन आणि मागे सलग हौदा असलेले वाहन तयार केले. रविवारी प्रार्थनेला आणि सोमवारी डुकरे घेऊन बाजाराला जाता येईल असे एकच वाहन हवे, अशा एका शेतकरी स्त्रीच्या पत्रातून ती कल्पना निघाली, असे सांगितले जाते. एकाच वाहनात कुटुंब आणि काम दोन्ही भागवण्याची ही गरज आजही तशीच आहे.

पुढे मात्र कायदा मध्ये आला. युरोपीय देशांनी अमेरिकी कोंबड्यांवर जबर शुल्क लावले, तेव्हा अमेरिकेने १९६४ पासून हलक्या ट्रकांवर २५ टक्के आयातशुल्क बसवले. त्याच वादात शुल्क लागलेल्या इतर वस्तूंची नंतर सुटका झाली, ट्रकांची झाली नाही. पुढे अनेक दशके मोटारींवरचे शुल्क अडीच टक्के असताना ट्रकांवरचे पंचवीसच राहिले. परदेशी पिकअपची स्पर्धा अशी रोखली गेल्यामुळे देशी उत्पादकांना या वाहनात नफा दिसला आणि त्यांनी आपली बुद्धी, पैसा व जाहिरात तिकडेच वळवली. १९७५ च्या ऊर्जा कायद्यानंतर आलेल्या इंधनक्षमतेच्या मानकांत हलक्या ट्रकांना मोटारींपेक्षा सौम्य अट मिळाली, आणि नंतर चाकांमधील क्षेत्रफळावर आधारलेली पद्धत आल्यावर मोठ्या आकाराच्या वाहनाला अधिक सवलत मिळू लागली. करातही असाच कल आहे : व्यवसायासाठी वापरलेल्या आणि पूर्ण भरल्यावरचे अनुज्ञेय एकूण वजन ६,००० पौंडांहून अधिक असलेल्या वाहनाला अमेरिकेत खर्चाची वजावट मोठ्या प्रमाणात मिळते, आणि किमान सहा फूट हौदा असलेल्या पिकअपला मोठ्या प्रवासी वाहनांवरील मर्यादाही लागू होत नाही.

मला यात ग्राहकाचा दोष दिसत नाही. कायद्याने आणि कारखान्याने जे वाहन त्याच्यासमोर अधिक आकर्षक करून ठेवले, त्यातून त्याने निवड केली. थायलंडमध्येही एक टनी पिकअपवर मोटारींपेक्षा कमी अबकारी कर असल्याचा परिणाम तिच्या प्रसारात स्पष्ट दिसतो.

सावकाश

एक मुद्दा राहून गेला आहे, तो उंचीचा. उंच आसनावरून पुढची वाहतूक दूरवर दिसते, चढता-उतरताना फार वाकावे लागत नाही आणि जड वाहनात आपण सुरक्षित आहोत असे वाटते. आतल्या माणसांपुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. बाहेरच्यांसाठी चित्र वेगळे आहे आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ४० इंचांहून उंच बॉनेट असलेल्या वाहनाने पादचाऱ्याला धडक दिल्यास मृत्यूची शक्यता ठेंगण्या, उतरत्या बॉनेटच्या मोटारीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. लहान मूल अगदी समोर उभे असले तर ते चालकाला दिसतही नाही. पुढचा कॅमेरा ही चैन समजू नये.

चाकोरी

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न : चार दारांच्या पिकअपमध्ये हौदा आठ फुटांवरून साडेपाच फुटांवर आला आहे. मग मोटार आणि गरजेपुरता ट्रेलर हे अधिक शहाणपणाचे नाही का?

लोहपट्टी

अनेकांसाठी आहे. युरोपात साध्या मोटारी ट्रेलर ओढताना सर्रास दिसतात, अर्थात तेथे वेगाचे बंधन असते. जर्मनीत ट्रेलर जोडल्यावर सामान्यतः ताशी ८० किलोमीटर आणि विशेष मान्यता असेल तर १०० किलोमीटर. अधूनमधून माती किंवा फर्निचर नेणाऱ्याला एवढे पुरते. मात्र ट्रेलर उभा करायला जागा लागते आणि तो मागे घेणे शिकावे लागते. बहुतेक जण इथेच कंटाळतात.

पिकअपच घ्यायची ठरली, तर चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली माहितीची पट्टी आधी वाचा. तेथे लिहिलेल्या भारात माणसेही मोजलेली असतात. समजा ती मर्यादा ७०० किलो आहे : पाच प्रौढ माणसांचे सुमारे ३७५ किलो झाले. तीन टनांचा ट्रेलर जोडला, तर त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग पिकअपच्या मागच्या जोडणीच्या हुकावर येतो, म्हणजे किमान ३०० किलो. उरले २५ किलो, आणि हौद्यात अजून काहीच ठेवलेले नाही. जाहिरातीत ओढण्याचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. खरेदी करताना पट्टीवरच्या या भाराच्या आकड्यावरून निर्णय घ्या.