मदत हवी आहे: स्टील ब्रेडेड ब्रेक लाइन टाकल्या आणि पेडल आधीपेक्षा मऊ झालं

उलटासुलटा
ब्रेक ऑइलच्या चारही रबरी होज काढून स्टील ब्रेडेड टाकल्या. ब्रेक करकरीत होईल असं जिथेतिथे वाचलं होतं, झालं नेमकं उलट. पेडल अर्ध्याच्या खाली जातं, दोन-तीनदा पंप केलं की वर येतं. ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा काढणं, दोनदा केलंय, त्यामुळे कृपया "ब्लीडिंग करा" सांगू नका. रबरी होज परत टाकू की पेडलमागचा, ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर बदलू? परवा लांब जायचंय. लवकर सांगा.

जुना_पाना
गाडी कुठली, किती जुनी? एबीएस आहे? मागे डिस्क की ड्रम? ब्लीडिंग कुणी केलं, कसं केलं? एवढ्या माहितीवर ज्योतिषीसुद्धा पत्रिका मांडणार नाही.

सरळरेषा
मुळात लाइन बदलल्याच कशाला? रबरी होज दाबाखाली थोडी फुगते, स्टीलची जाळी तिला फुगू देत नाही. पेडल घट्ट लागतं, पायाला अंदाज चांगला येतो, बस. गाडी किती अंतरात थांबणार ते टायर ठरवतात. चाक लॉक करण्याइतका जोर रबरी होजमधूनही जातोच. त्या पैशांत चांगले टायर आले असते.

उलटासुलटा
टायरचं कोणी विचारलं नाहीये. हॅचबॅक, १४ वर्षं जुनी, एबीएस नाही, पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्लीडिंग मी आणि भाऊ. तो पेडल दाबणार, मी चाकाजवळचं हवा काढायचं निपल उघडणार.

मास्टरच_दोषी
मास्टर सिलिंडर गेला, लिहून ठेवा. ब्लीड करताना भावाने पेडल तळाला टेकवलं असणार. रोजच्या वापरात पिस्टन तिथवर जातच नाही, त्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. सील त्यावर घासली की संपलं. माझ्या गाडीत हेच झालं होतं.

डॉट_पाच
ऑइल कुठलं भरलंत? डॉट ५ ग्रेडचं टाका. सिलिकॉन असतं, पाणी शोषत नाही, कटकट मिटते.

जुना_पाना
@डॉट_पाच, अहो, भलतं सांगू नका! डॉट ५ सिलिकॉनचं, ते डॉट ३, ४ मध्ये मिसळत नाही. शिवाय त्यात बारीक बुडबुडे अडकून राहतात, म्हणजे पेडल आणखी मऊ. ५.१ वेगळं, ते डॉट ४ च्याच जातीचं. नावं जवळजवळ सारखी ठेवून कुणी हा घोळ घातला देव जाणे.

डॉट_पाच
मी ५.१ च म्हणत होतो.

सरळरेषा
वर स्पष्ट "सिलिकॉन" लिहिलंय तुम्ही.

दुचाकीस्वार
धाग्यातच विचारतो. बाइकचा पुढचा ब्रेक लिव्हर रात्रभर दोरीने बांधून ठेवला तर हवा आपोआप निघते म्हणतात. खरं का?

गाडीवाली_ताई
@उलटासुलटा, काही विकत घेण्याआधी दोन गोष्टी करा. एक, इंजिन चालू ठेवून पेडलवर एकसारखा पाय ठेवा, मिनिटभर. पेडल हळूहळू खाली सरकलं तर मास्टरवर संशय. दोन, गाडी उभी असताना हँडब्रेक ओढून पेडल दाबा. तसं करून पेडल वर लागलं तर मागच्या ड्रममधले लायनर सैल आहेत, ते ॲडजस्ट करायला हवेत.

आणखी एक. रबरी होज क्लॅम्पने दाबून दोष कुठल्या चाकात आहे ते शोधतात, पण ब्रेडेडला क्लॅम्प अजिबात लावू नका. आतली टेफ्लॉनची नळी एकदा दुमडली की ती होज गेली.

उलटासुलटा
दोन्ही केलं. मिनिटभरात पेडल जराही सरकलं नाही. हँडब्रेक ओढूनही फरक शून्य. ऑइल डॉट ४, नवीन डबा. जॉइंट सगळे कोरडे, तांब्याचे वायसर नवे.

मास्टरच_दोषी
कधीकधी सील गरम झाल्यावरच गळते. मास्टर बदला.

जुना_पाना
मास्टर सुटला या आरोपातून. पंप केल्यावर पेडल वर येतंय म्हणजे हवा आहे, आणि ती पुढेच असणार. लाइन बदलताना आणखी काय काय उघडलं होतं?

उलटासुलटा
काहीच नाही.

जुना_पाना
आठवून सांगा.

उलटासुलटा
काहीच नाही हो. पुढचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे डिस्क पकडणारे भाग, फक्त लाल रंग द्यायला काढले होते. त्याचा काय संबंध?

गाडीवाली_ताई
ब्लीडिंगचं निपल कॅलिपरवर वरच्या अंगाला आहे की खालच्या?

उलटासुलटा
खालच्या. खाली नळी लावायला सोपं पडतं.

गाडीवाली_ताई
सापडलं! डावा कॅलिपर उजवीकडे बसलाय आणि उजवा डावीकडे. बोल्ट दोन्हीकडे बसतात, म्हणून लक्षात येत नाही. हवा वर जाते, निपल खाली. दहादा ब्लीड केलंत तरी फक्त ऑइल निघणार आणि बुडबुडा वर आरामात बसून राहणार.

जुना_पाना
आणि हे म्हणे "काहीच नाही". कॅलिपर अदलाबदल करा. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टचे वायसर परत नवेच घाला, एकदा दबलेले दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, चाक लोंबकळत असतानाही बघा. होज ताणली जाता कामा नये, टायरला घासता कामा नये. ती जाळी ज्याला घासते त्याला कानसच. आणि पेडल वर येईपर्यंत गाडी जागची हलवू नका, परवा गेलं खड्ड्यात.

दुचाकीस्वार
लिव्हर बांधायचं कोणी सांगेल का?

गाडीवाली_ताई
@दुचाकीस्वार, बारीक बुडबुडे जातात, कारण बाइकवर मास्टर सगळ्यात वर असतो. पण लाइन बदलली असेल तर आधी रीतसर ब्लीड करा.

उलटासुलटा
अदलाबदल केली. पहिल्या दाबालाच फसफस करत हवा निघाली. पेडल आता वरच थांबतं, एकदम टणक. प्रवास एक दिवस पुढे ढकलला, आधी जवळच सावकाश फिरवून बघतो. सगळ्यांचे आभार.

मास्टरच_दोषी
बरं झालं. तरी १४ वर्षं झालीत, मास्टर बघून घ्या.

सरळरेषा
आणि टायर.

नवखा_रंगारी
रंग कुठला वापरलात? मलाही कॅलिपर लाल करायचेत.

उलटासुलटा
उष्णता सोसणारा स्प्रे. उष्णतेचं माहीत नाही, ब्रेक ऑइल मात्र सोसत नाही. ब्लीड करताना सांडलं, पुसायला उशीर झाला, डावीकडचा रंग फुगून सालीसारखा निघाला. म्हणजे आता परत काढावे लागणार.

जुना_पाना
काढण्याआधी खडूने डावा-उजवा लिहा.