बाबांच्या परमकॅथमुळे (डायलिसिससाठी मानेच्या शिरेत ठेवलेली नळी, म्हणजे कॅथेटर) रक्तात जंतुसंसर्ग. ताप उतरलाय, तरी कॅथेटर काढायचं का?

नमस्कार. डायलिसिसचा अनुभव असलेल्यांनी किंवा त्यात काम करणाऱ्यांनी कृपया वेळ काढून वाचा. उद्या सकाळी आम्हाला निर्णय सांगायचा आहे.

बाबा ६४ वर्षांचे, जुना मधुमेह, सोम-बुध-शुक्र डायलिसिस. डाव्या हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग) बंद पडला म्हणून चार महिन्यांपूर्वी मानेत उजवीकडे परमकॅथ टाकलं. गेल्या शुक्रवारी मशीनवर घेतल्यावर अर्ध्या तासात त्यांना हुडहुडी भरली. अंगावर दोन ब्लँकेटं टाकली तरी दात वाजायचे थांबेनात, खाट हलत होती. सेंटरवर एक अँटिबायोटिक इंजेक्शन आणि पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलं, रक्त तपासायला घेतलं नाही. कॅथेटरच्या तोंडाशी ना लाली होती ना पू, त्यामुळे आम्हीही व्हायरल समजून गप्प बसलो. शनिवार-रविवार बरे होते. सोमवारी मशीन लागली आणि पुन्हा तेच, ताप १०३. मग थेट मोठ्या हॉस्पिटलात आणलं.

इथे औषधाला हात लावण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) घेतलं. एकाच वेळी, एक कॅथेटरमधून आणि एक हाताच्या शिरेतून. सिस्टरनी प्रत्येक बाटलीवर कुठलं रक्त ते लिहिलं. कॅथेटरची बाटली ११ तासांत पॉझिटिव्ह आली, हाताची १५ तासांत. जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस, मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद देणारा. सध्या व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चालू आहे.

डॉक्टर म्हणतात कॅथेटर काढायचं. पण कालपासून ताप नाही, बाबा जेवताहेत. काकांच्या ओळखीत एकाचं कॅथेटर न काढता त्यात अँटिबायोटिक भरून ठेवून, म्हणजे ‘लॉक’ करून, वाचवलं होतं. बाबांचं हे मानेतलं दुसरं कॅथेटर. पुढे शिरा उरल्याच नाहीत तर काय, ही भीती आहे. लॉकचा आग्रह धरावा का? आणि काढलं तर मधल्या दिवसांत डायलिसिस कुठून होणार?

प्रतिसाद १

ताई, मी नेफ्रॉलॉजीत (किडनी विभागात) काम करतो. तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे, काढू द्या.

दोन्हीकडून सारखंच रक्त घेतलं असेल तर ज्या बाटलीत जंतू जास्त ती आधी पॉझिटिव्ह येते. कॅथेटरची बाटली दोन तास किंवा त्याहून आधी आली की मूळ कॅथेटरमध्ये आहे असं आम्ही धरतो. तुमच्याकडे चार तासांचा फरक आहे. मशीन लागली की हुडहुडी, ही खूणही तीच सांगते, कारण आत चिकटलेले जंतू तेव्हा रक्तात ढकलले जातात. तोंडाशी लाली नसणं नेहमीचंच आहे, त्यावर कधीच विसंबू नका.

काकांच्या ओळखीतल्या पेशंटचा जंतू बहुधा वेगळा असेल. त्वचेवरचे सौम्य स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) असतात, त्यांच्यासाठी शिरेतून १० ते १४ दिवस औषध आणि सोबत लॉक देऊन कॅथेटर वाचवता येतं. ऑरियसच्या बाबतीत तो धोका पत्करू नये. कॅन्डिडा बुरशी किंवा स्यूडोमोनास जंतू असता तरी हेच सांगितलं असतं. ऑरियस प्लास्टिकवर थर करून बसतो, औषध तिथे नीट पोचत नाही, आणि तिथून तो हृदयाच्या झडपेवर किंवा मणक्यात जाऊन रुततो. ताप उतरला म्हणजे रक्तातले जंतू कमी झाले, थर तिथेच आहे.

उद्याचं डायलिसिस करून मग काढलं तर पोटॅशियम आणि श्वास ठीक असल्यास सोमवारपर्यंत कॅथेटरशिवाय ठेवता येतं. मध्ये गरज पडली तर तात्पुरतं कॅथेटर टाकतात. नवीन परमकॅथ मात्र पुन्हा घेतलेलं कल्चर निगेटिव्ह आल्यावरच.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. एक, व्हॅन्कोमायसिन बदलून सेफॅझोलिन करणार का? मेथिसिलिनला दाद देणाऱ्या ऑरियसवर ते जास्त चांगलं चालतं, आणि डायलिसिसच्या शेवटी देता येतं, म्हणजे रोज हाताला सुई नको. दोन, इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी? गरज पडली तर अन्ननलिकेतून करतात तो. औषधाचे दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजतात. मधुमेह आणि डायलिसिस दोन्ही असल्यामुळे ४ ते ६ आठवड्यांची तयारी ठेवा.

आणि बाबांना आज रात्रीच विचारा, पाठ किंवा एखादा सांधा दुखतोय का.

प्रतिसाद २

माझे मिस्टर सहा वर्षं डायलिसिसवर आहेत. नवीन कॅथेटर जोडता-काढताना सिस्टर आणि बाबा दोघांच्याही तोंडाला मास्क हवा, टोपण उघडल्यावर, लाइन जोडण्याआधी कॅथेटरचं तोंड घासून पुसलंच पाहिजे. आम्ही दर वेळी उभं राहून बघतो, कोणी रागावलं तरी. सलाईनसाठी किंवा रक्त काढायला ती लाइन कोणालाही वापरू देऊ नका. आणि उजव्या हाताच्या शिरा जपा, सुई टोचायचीच तर पंजाच्या मागे. तिथेच पुढचा फिस्टुला व्हायचा आहे.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना विचारलं. कमरेच्या वर मधोमध चार दिवस दुखतंय म्हणाले. हॉस्पिटलच्या गादीमुळे असेल म्हणून बोलले नाहीत. बोटाने दाबलं तर कळवळले. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना लगेच सांगितलं, त्यांनी उद्या एमआरआय लिहिला आहे. कॅथेटर काढायच्या कागदावर आत्ताच सही केली. मणक्यात निघालं तर ऑपरेशनच करावं लागतं की औषधावर बरं होतं? कोणाच्या घरी असं झालं असेल तर लिहा, मी रात्रभर इथेच आहे.