मदत हवी आहे: पिकअपला सायलेन्सरचा पाइप अडीच इंची टाकू की तीन?
मंडळी, जरा सल्ला द्या. माझ्या पिकअपचा सायलेन्सरचा पाइप मधोमध गंजून फुटलाय, दोनदा वेल्डिंग केलं पण टिकत नाही, म्हणून आता मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) पुढचा सगळाच नवीन टाकायचाय. इंजिन २.५ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, जुना पाइप सव्वादोन इंची. मेकॅनिक म्हणतो बिनधास्त तीन टाका, गाडी मोकळी पळेल. पण मी हिशोब केला तर सव्वादोनचं क्षेत्रफळ अंदाजे ४ चौरस इंच आणि तीनचं ७, म्हणजे पावणेदोन पट की हो! एवढ्या मोठ्या पाइपात धुराचा वेग पडणार आणि खालच्या आरपीएमला, माल भरून चढ चढताना, ओढ कमी होईल अशी धास्ती वाटतेय. टर्बो डिझेल असती तर टर्बोच्या मागे जितका मोकळा तितकं बरं, हे मान्य, पण माझी साधी आहे ना. अडीच पुरेल का? शिवाय बेंड मारताना पाइप चेपला की अडीचचा तिथे जेमतेम दोन उरतो, मग मँड्रेल बेंडचाच (आत दांडा घालून, पाइप न चेपता मारलेला बेंड) आग्रह धरू का? कोणी बदलला असेल तर ओढीत काय फरक पडला तेवढं सांगा, आवाजाचं राहू दे, घरचे आधीच वैतागलेत.