शनिवार-रविवारच्या क्विल्टिंग मुक्कामाला काय-काय तयार करून न्यावं?

टाकेवाली
मुळशीजवळ एका शेतघरात आम्ही दहा जणी शनिवारी सकाळी जमून रविवारी दुपारपर्यंत फक्त शिवणार आहोत. मशिनं पाच, इस्त्र्या दोन, मोठं टेबल एकच. निम्म्या जणींना पॅचवर्क येतं, बाकीच्यांना हाताचा धावदोरा. पॅचवर्कवालींसाठी ३६ × ४८ इंचांची बाळाची क्विल्ट ठरवली आहे: नऊ तुकड्यांचा ब्लॉक आणि साधा चौकोन आलटून पालटून. वरच्या थरापासून गोटापर्यंत (कडेला लावायची पट्टी) सगळं दोन दिवसांत होईल का? कापड किती आणू?

उरेब
गोटापर्यंत जायचा हट्ट सोडा. वरचा थर पूर्ण होईल, जिचा हात चालतो तिचे तीन थर (वरचा, मधली भर, अस्तर) टाचूनही होतील. कापणं, रंग जुळवणं आणि हिशेब मात्र घरीच संपवा. एका टेबलावर पाच जणी कटर फिरवायला लागल्या की शनिवारची दुपार रांगेत जाते.

एका क्विल्टचा हिशेब असा. तयार ब्लॉक ६ इंची, म्हणजे ६ × ८ = ४८ घरं; २४ नऊ-तुकडी, २४ साधी. चार कोपरे आणि मधला तुकडा गडद. पन्हाभर लांबीच्या अडीच इंची पट्ट्या कापायच्या (तयार माप २ इंच, बाकी दोन्ही कडांची पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड) आणि आधी लांब पट्ट्याच जोडायच्या: गडद-फिका-गडद असे ३ संच, फिका-गडद-फिका असे २. मग संच अडीच-अडीच इंचांवर आडवे कापायचे. एका ब्लॉकला पहिल्या प्रकारचे दोन तुकडे लागतात, दुसऱ्याचा एक. म्हणजे गडद पट्ट्या ८, फिक्या ७. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर गडद पाऊण मीटर, फिकं ६० सेंटिमीटर, साध्या चौकोनांना (साडेसहा इंची, एका पट्टीत ६) पाऊण मीटर, गोटाला ४० सेंटिमीटर, अस्तराला दीड मीटर.

वाकळ
हिशेब बरोबर, पण काठावरचा आहे. ४४ पन्हा धुतल्यावर ४२ च्या आसपास येतो, किनार काढली की ४१. त्यातून अडीच इंची तुकडे १६ च निघतात. तीन संचांचे ४८, आणि लागतातही ४८! एक तुकडा वाकडा कापला की अडलं घोडं. पहिल्या प्रकारचा अर्धा संच जादा शिवा. वरच्या मापात एक-दोन पट्ट्यांपुरतं कापड उरतं, तेवढ्यात भागेल.

खादी ३६ पन्ह्याची मिळाली तर वेगळा हिशेब: एका संचातून १३ च धरा. मग ४ आणि २ संच, गडद पट्ट्या १०, फिक्या ८. अस्तरालाही जोड द्यावा लागेल, कारण ते वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी ३ इंच मोठं, म्हणजे ४२ × ५४ हवं.

आणि कापड आधी धुवाच. अजरख, दाबू अशी ठशांची छापील कापडं आणि निळीत रंगवलेलं कापड यांचा रंग सुटतो. कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा; डाग आला तर पुन्हा धुवा. मीठ-व्हिनेगरच्या भरवशावर राहू नका.

फूटपट्टी
मापं कागदावर जुळतात, मशिनवर बिघडतात, कारण प्रत्येकीची पाव इंच माया वेगळी. एका शिवणीत माया दोराभर, म्हणजे १/१६ इंच जास्त गेली तर दोन्ही बाजूंचं मिळून १/८ जातं. ब्लॉकमध्ये अशा दोन शिवणी, म्हणजे ब्लॉक पाव इंच लहान, आणि तो शेजारच्या साडेसहा इंची चौकोनाला बसणार नाही. मग ताणून शिवतात आणि चुण्या पडतात.

म्हणून घरीच चाचणी: तीन अडीच इंची तुकडे जोडा, इस्त्री करा, मोजा. साडेसहा भरलं पाहिजे, मधला तुकडा बरोबर दोन. कमी भरलं तर माया किंचित घटवा. जुन्या काळ्या मशिनवर सुई डावी-उजवीकडे सरकत नाही, तिथे सुईपासून मोजून मास्किंग टेप चिकटवा. एका क्विल्टचे सगळे ब्लॉक एकाच मशिनवर शिवा.

टाका २ ते २.२ मिलिमीटर. त्याहून मोठा असेल तर संच आडवा कापल्यावर टोकांना शिवण सुटते. तिसरी पट्टी पहिल्या शिवणीच्या उलट टोकाकडून लावा, नाहीतर संच केळ्यासारखा वाकतो. इस्त्री करताना माया नेहमी गडद कापडाकडे वळवा. एका संचात ती बाहेर जाते, दुसऱ्यात आत, आणि जोडताना शिवणी एकमेकींत अडकून कोपरे आपोआप जुळतात. इस्त्री घासायची नाही, उचलून दाबायची.

चौघडी
धावदोरावालींना मोठी गोधडी देऊ नका. ६० × ९० इंचांची गोधडी अर्ध्या इंचाच्या ओळींनी भरायची तर जवळजवळ पावणेतीनशे मीटर धावदोरा होतो. तेच १६ इंची उशीचं तोंड घेतलं तर १३ मीटर. हे दोन दिवसांत गप्पा मारत होतं.

त्यासाठी सिद्दी लोकांची कवंदी, म्हणजे त्यांची हाताने शिवलेली गोधडी, सुंदर. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातलं हे काम. वरचा थर वेगळा जोडायचाच नाही: अस्तर पसरायचं, कडेपासून सुरुवात करायची, तुकड्याची कड आत दुमडून ठेवायची आणि धावदोरा घालत फेऱ्याफेऱ्यांनी मध्यभागाकडे यायचं. तुकडे अर्धा इंच एकमेकांवर चढले पाहिजेत, नाहीतर धुताना फट पडते. शेवटी चारी कोपऱ्यांना दुमडलेले त्रिकोण, ज्यांना ते फुलं म्हणतात. मशीन नको, इस्त्री नको, वीज गेली तरी काम थांबत नाही.

सोबत मऊ झालेली सुती साडी, जाड सुती दोरा, लांब सुई, अंगुस्तान. दाभण नको, भोकं राहतात. नवं कडक पॉपलीनही नको, संध्याकाळपर्यंत बोटं सोलतात.

टाकेवाली
कवंदी ठरली! अजून एक: एकीला त्रिकोणांचे ब्लॉक करायचे आहेत, तयार माप ४ इंच. ती म्हणते त्रिकोण घरूनच कापून आणते.

उरेब
नको म्हणावं. त्रिकोणाची लांब कड उरेबावर, म्हणजे कापडाच्या विणीला तिरकी येते, पिशवीत हाताळूनच ताणते आणि शिवताना लाटा येतात. चौकोन आणू दे. एक गडद, एक फिका, दोन्ही १० इंची (नेमकं माप पावणेदहा, पाव इंच छाटणीला). सुलट बाजू समोरासमोर ठेवून फिक्यावर दोन्ही कर्ण पेन्सिलीने आखायचे, हे घरी. तिथे प्रत्येक कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवण, मग मधोमध उभा-आडवा काप आणि शेवटी कर्णांवर. आठ तुकडे मिळतात, ते साडेचारला छाटायचे.

फूटपट्टी
विजेचंही बघा. १५०० वॅटची इस्त्री साडेसहा अँपिअर ओढते, म्हणजे ६ अँपिअरच्या प्लगला आणि साध्या एक्स्टेन्शन बोर्डाला ती जास्तच. दोन्ही इस्त्र्या १६ अँपिअरच्या वेगवेगळ्या प्लगवर लावा. गीझर त्याच लाइनवर असेल तर आंघोळी आधी उरका. इन्व्हर्टरवर घरगुती मशीन चालेल, इस्त्री नाही. प्रत्येकीने आपापल्या बॉबिन भरून, नाव लिहून आणाव्यात, कारण एकीची दुसरीच्या मशिनला बसेलच असं नाही. सुया ८० आणि ९० नंबरच्या, नव्या.

वाकळ
तीन थर टाचायचे झाले तर तळहाताच्या अंतरावर एक पीन, म्हणजे एका क्विल्टला शंभरेक छोट्या सेफ्टी पिना. टेबल मोकळं नसेल तर फरशी पुसून अस्तर मास्किंग टेपने ताणून चिकटवा. सतरंजीवर टाचू नका, पिनांमध्ये सतरंजीही येते.