मुलाच्या ऑपरेशनला भूल देताना नळी की आय-जेल? मदत हवी आहे

चिकूचीआई:

नमस्कार. इथे कुणी भूलतज्ज्ञ असतील तर प्लीज वाचा. ज्यांच्या मुलांचं ऑपरेशन झालंय त्यांचेही अनुभव चालतील. फक्त "काही होत नाही गं, देवावर सोड" हे नको, ते घरात भरपूर मिळतंय.

मुलगा ६ वर्षांचा, वजन १९ किलो. उजव्या जांघेत हर्निया. खोकला की सुपारीएवढं वर येतं, झोपला की आपोआप आत जातं. ऑपरेशन करायचंच आहे. घोडं अडलंय भुलेवर.

पहिली तारीख श्रावणात मिळाली होती, घराजवळच्या हॉस्पिटलात (नाव नको). रात्री बारानंतर पाणीही द्यायचं नाही असं बजावलेलं. कांजूरहून भर पावसात सातला पोचलो, तर यादीत तिसरा नंबर. साडेअकरापर्यंत पोरगं समोरच्या बाईंच्या हातातल्या बिस्किटाकडे बघत बसलं होतं. मग भुलेच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, सर्दी आहे, घरघर येतेय, तीन आठवड्यांनी या. खरं सांगते, सर्दी दोन दिवसांपासून होती. तारीख जाईल म्हणून मीच बोलले नव्हते.

निघताना विचारलं, की श्वासासाठी काय घालणार होतात? त्यांनी कपाटातून पाकीट काढून दाखवलं. आय-जेल, दोन नंबरचं. चमच्यासारखा आकार, टोक दाबलं की जेलीच्या गोळीसारखं दबतं. "श्वासनलिकेत जात नाही, वरच बसतं," म्हणाले.

आता गणपतीनंतर दुसरीकडे दाखवलंय. तिथल्या भूलवाल्या बाई म्हणाल्या, ट्यूबच घालणार, पाच नंबरची, कफवाली (म्हणजे टोकाशी हवेचा फुगा असलेली). खालचा पुढचा दात हलतोय तोही बोटाने हलवून बघितला. चांगल्या वाटल्या, पण ट्यूब ऐकून माझ्या पोटात गोळा आला. जाऊबाईंच्या मुलीला टॉन्सिलच्या वेळी ट्यूब होती, चार दिवस तिला गिळवत नव्हतं.

एकाच मुलाला, एकाच आजारासाठी दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात? आय-जेलचा आग्रह धरू का?

क्लोरोफॉर्म:

भूलतज्ज्ञ आहे, मुलं रोज असतात. मूल न तपासता सल्ला देत नाही, पण फरक समजावतो.

ट्यूब स्वरयंत्रातून पार होऊन श्वासनलिकेत जाते. मास्क, म्हणजे एलएमए किंवा आय-जेल, स्वरयंत्राच्या तोंडावर टोपी घातल्यासारखा बसतो. एलएमए आर्ची ब्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८१ साली दातांच्या भुलेच्या मास्कवरून जुळवला. त्याच्या कडेला हवा भरावी लागते, आणि ती जास्त भरली की घसा दुखतो, म्हणून दाब पाण्याच्या ६० सेंमीच्या आत ठेवतात. २००७ मध्ये आलेल्या आय-जेलमध्ये हवा भरायची भानगडच नाही. दोन नंबर १० ते २५ किलोला, म्हणजे तुमच्या मुलाला बरोबर.

मास्क घालायला घशात बघायची दुर्बीण लागत नाही, स्वरयंत्राला धक्का कमी, उठताना खोकला कमी. सर्दी होऊन गेलेल्या मुलांत हे महत्त्वाचं, कारण त्यांचं स्वरयंत्र चिडकं असतं, पटकन आवळतं. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. लहान ऑपरेशनांसाठी आलेली १८१ बाळं होती. ट्यूबवाल्यांपैकी ५३ टक्क्यांना श्वासाचा काही ना काही त्रास झाला, मास्कवाल्यांपैकी १८ टक्क्यांना. पण ती वर्षाच्या आतली बाळं होती. तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला ते आकडे तसेच चिकटवू नका.

मास्कची उणी बाजू म्हणजे पोटातलं वर आलं तर फुप्फुसात जाण्यापासून तो ट्यूबइतकं वाचवत नाही. पोट भरलेलं असेल, आतडं अडकलं असेल तर मी विचारही न करता ट्यूब घालतो. ट्यूबचं भूत करू नका. सहा वर्षांना पाच नंबर हा साधा हिशोब आहे: वयाला चारने भागायचं, साडेतीन मिळवायचे. कफचा दाब मोजून पाण्याच्या २० सेंमीच्या आसपास ठेवला की सहसा निभावतं. आणि टॉन्सिल काढल्यावर गिळताना दुखणारच हो, त्याचं खापर ट्यूबवर कशाला!

आता एक सांगा. दुसरीकडे ऑपरेशन दुर्बिणीतून करणार आहेत का?

चिकूचीआई:

हो!! ते लिहायचंच राहिलं. पहिले डॉक्टर जांघेत छोटा छेद घेणार होते, हे दुर्बिणीतून करतात.

क्लोरोफॉर्म:

मग तुमचे दोन्ही डॉक्टर एकच बोलतायत. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरतात, छाती-पोटामधला पडदा वर ढकलला जातो, फुप्फुसं फुगवायला जास्त दाब लागतो. त्या दाबाला मास्कच्या कडेने हवा निसटू शकते. काहीजण तिथेही आय-जेलवर करतात, पण बरेच जण ट्यूबच घेतात, मीही. छेद घेऊन करायचं तर तासाभराचं काम, मी मास्क घातला असता. तेव्हा आधी ऑपरेशन कुठलं करायचं ते सर्जनशी बोलून ठरवा. साधन त्याच्यामागून येतं, त्याचा आग्रह धरू नका.

सर्दी मात्र लपवू नका. गेल्या दोन आठवड्यांत नाक वाहिलं असेल तर फोन करून आधीच सांगा. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर तेही. पाण्याचंही विचारून घ्या. जड खाणं ६ तास आधी बंद, पण साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, युरोपच्या २०२२ च्या सूचनांत तर १ तास आधीपर्यंत. बारा तास कोरडं ठेवायची गरज नव्हती.

मधल्या काळात ती गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर तारखेची वाट न बघता, रात्र असली तरी, असाल तिथून कॅज्युअल्टीला जा.

मुलुंडकर:

माझ्या लेकीचं छेद घेऊनच झालं, मास्कवर. संध्याकाळी घरी येऊन वरणभात खाल्ला. आधी हलता दात सांगितला नव्हता म्हणून ऐन वेळी धावपळ झाली, तेवढं बघा.

चिकूचीआई:

क्लोरोफॉर्म, खूप आभार. सासऱ्यांना गॅलरीतली सिगारेट बंद करायला सांगितली, ते रागावून खाली कट्ट्यावर गेलेत. सोमवारी सर्जनना भेटते. आणि दात आत्ताच पोळी खाताना पडला.