24 फ्रेटच्या गिटारला पिकअप कुठे कोरू? रविवारी लाकडावर राउटर मारायचाय

नवी_तार:
सांगलीत इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्यांदाच स्वतः गिटार बनवतोय. स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार) आकाराची बॉडी कापून, घासून तयार आहे, पण वरून अजून कोरी. नेक 24 फ्रेटची (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, साडेपंचवीस इंच, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन पकडून अँपला पाठवणारे) आणून ठेवलेत. अडचण अशी की नेक पिकअपच्या नेहमीच्या जागेवर फिंगरबोर्डच येतो. मित्र म्हणतो, "24 व्या फ्रेटची जागा गेली की स्ट्रॅटचा गोल आवाज गेला." खरंय का? आणि ब्रिजजवळचा (तारा बॉडीवर टेकतात तिथला) पिकअप मला तिरकाच हवाय, तसाच आवडतो. पण कुठल्या बाजूला तिरका? शेजारचे सुतारकाका राउटर (लाकूड कोरायचं मशीन) एका दिवसापुरताच देणार आहेत, म्हणून आधी विचारतोय.

सोल्डर_आणि_सागवान:
मित्राचं अर्धं बरोबर आहे. तुझ्या तारेची लांबी 648 मिमी. 24 वा फ्रेट ब्रिजपासून पाव अंतरावर, म्हणजे 162 मिमीवर. मोकळी तार वाजताना तिचा चौथा हार्मोनिक (मूळ सुराच्या चौपट कंपनांचा उपस्वर) तिथे हलतच नाही, म्हणून तिथल्या पिकअपला तो ऐकू येत नाही. पण पाचव्या फ्रेटवर बोट ठेवलंस की वाजणारी तार 485 मिमी उरते आणि तो स्थिर बिंदू 121 मिमीवर सरकतो. त्या जागेची किमया मोकळ्या तारांपुरतीच. गोलपणा येतो तो ब्रिजपासूनच्या अंतरामुळे. ब्रिजपाशी तार जेमतेम हलते, मूळ सूर दुबळा पडतो आणि वरचे हार्मोनिक त्या मानाने पुढे येतात. तुझा पिकअप साधारण 145 मिमीवर बसेल. आवाज किंचित सडपातळ होईल, एवढंच.

खरी काळजी घ्यायची ती ब्रिजकडे. स्ट्रॅटचा तिथला पिकअप मधोमध मोजला तर सुमारे 41 मिमीवर असतो. तिथे 5 मिमी सरकलं तर अंतराचा आठवा हिस्सा जातो. नेकपाशी तेवढ्याने फारसं काही बिघडत नाही. माझ्या पहिल्या गिटारला मी पिकअप ब्रिजला अगदी चिकटवून कोरला होता, नीटनेटका दिसतो म्हणून. टोन नॉब अर्ध्यावर आणल्याशिवाय पहिली तार ऐकवेना. शेवटी सागाचा तुकडा चिकटवून पुन्हा कोरला. तो जोड आजही दिसतो.

तिरकेपणाचं म्हणशील तर फेंडरने पातळ तारांची बाजू ब्रिजकडे ठेवली, जाड तारांची दूर. जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरायचा, त्यामुळे त्याच्याकडे हे आपोआप उलटलं: जाड तारा ब्रिजजवळून घट्ट, पातळ तारा जरा भरीव. डिस्टॉर्शन वाजवणार असशील तर उलटाच तिरका कर. मला तो दिसायलाही जास्त आवडतो.

दिसण्यावरून आठवलं, नेक पिकअप मागे आला की मधलाही हलव. 145, 93, 41 धरलंस तर दोन्हीकडे 52 मिमी पडतात आणि तिन्ही दाटल्यासारखे वाटत नाहीत. बाजारचं तयार पिकगार्ड (पिकअप बसवायचं बॉडीवरचं पातळ झाकण) यावर बसणार नाही, शीट आणून स्वतः काप.

कोरण्याआधी दोन गोष्टी कर. पहिलं म्हणजे ब्रिजची जागा पक्की कर आणि सगळी मापं सॅडलपासूनच (ब्रिजवर तार टेकते तो भाग) घे. नटपासून (नेकच्या टोकाचा तारेचा टेकू) सॅडलपर्यंत पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी दोरा ताण, पिकअपचे पोल (प्रत्येक तारेखालचे चुंबकी खुंट) दोऱ्याखाली येतात का बघ. दुसरं, घरात एखादी वाजती गिटार असेल तर सुटा पिकअप उलटा धरून तिच्या तारांवरून सरकव. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांचा टेकू दे, वायर थेट अँपला जोड. पिकअपला वरूनही तार तशीच ऐकू येते. जागा कानाने ठरव.

रिदमवाला:
मधल्या पिकअपवर प्लेक्ट्रम आपटतो, तेव्हा तो दोन-तीन मिमी खाली घे. आणि तो बाकी दोघांपेक्षा उलट्या वळणाचा, उलट्या चुंबकाचा आहे ना, हे तपास. तसा असेल तरच स्विचच्या दुसऱ्या-चौथ्या पोझिशनला (मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र) आपल्या 50 हर्ट्झची गुणगुण मरते. त्या पोझिशन कारखान्यातून मिळायला 1977 उजाडलं. त्याआधी लोक तीन पोझिशनचा स्विच मध्येच अडकवून तो आवाज काढायचे.

मिरजेची_घोडी:
आमच्या घरी सतार-तंबोऱ्याचं काम चालतं. तंबोरा मध्याजवळ छेडतात. तीच तार घोडीशेजारी छेडून बघ, आवाज लगेच पातळ होतो. जिथे छेडतोस आणि जिथून ऐकतोस, दोन्हीला नियम एकच. त्यामुळे पिकअप ऐकून बघताना उजवा हात हलू देऊ नकोस, नाहीतर ऐकशील हाताचा फरक आणि दोष देशील पिकअपला. मिरज जवळच आहे, राउटर मारण्याआधी बॉडी घेऊन ये.

नवी_तार:
काल रात्री भावाच्या गिटारवर उलटा पिकअप सरकवून पाहिला, उजवा हात एका जागी ठेवून. 145 आणि 162 मधला फरक भावाला डोळे मिटून पाचापैकी दोनदाच ओळखता आला. पण 35 आणि 41 मधला पाचही वेळा! ब्रिजचा 43 वर, उलटा तिरका, असं ठरवलंय. पिकगार्ड आधी पुठ्ठ्याचं कापतोय. मिरजकर, शनिवारी सकाळी बॉडी घेऊन आलो तर चालेल का?