गाऊ द्या की! हौशी गळ्यांचे अनुभव

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींनी पहिल्यांदाच माईक हातात घेतला. धृपद संपतंय न संपतंय तोच मागून आवाज आला, "वहिनी, पुरे आता, नाहीतर गणपती आजच उठून जायचा!" सगळे हसले. त्याही हसल्या. यंदा मात्र गाणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

सोलापुरात हल्ली कराओकेचे ग्रुप गल्लोगल्ली झालेत. तरी "काय रेकायलास बे!" म्हणणाऱ्यांची वाण नाही. तुम्हाला कोणी गप्प केलं, कोणी गातं ठेवलं, ते लिहा. "छान गाता" एवढंच कोणी म्हटलं असेल तर राहू द्या. त्या माणसानं नेमकं काय केलं, ते सांगा.

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

चौथीत समूहगीताच्या तालमीला बाई म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." त्यानंतर मी आरतीतसुद्धा ओठच हलवत आले. मुलांना पाळणा म्हटला तो दार लावून. निवृत्त झाल्यावर शेजारणीनं भजनी मंडळात ओढून नेलं. दुसऱ्याच ओळीला माझा आवाज फाटला. पेटीवाले काका थांबले. मला वाटलं, झालं, आता इथेही ओठच. तर ते म्हणाले, "ताई, आमचं मंडळ काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून म्हणतं. तुमचा गळा खालचा आहे." त्यांनी काळी दोन धरली नि म्हणाले, "आता म्हणा." आधी ओरडूनही जिथे पोचत नव्हते, तिथे सहज गेले! सूर माझ्याकडे होता, पट्टी तेवढी दुसऱ्यांची होती. आता एकादशीला एक अभंग माझ्या पट्टीत होतो. बाकीच्या बायका कुरकुरतात, पण म्हणतात.

यंत्रमाग कामगार, पूर्व भाग

आमच्या घरात तेलुगू. कारखान्यात मागांचा खडखडाट एवढा, की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मी तिथंच गायला शिकलो. स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस आपोआप जोर लावतो. तीच सवय बाहेर नडली. कुठं गायलो की "ओरडायलाय बघ" म्हणायचे. एका लग्नात ऑर्केस्ट्रातला माणूस बाजूला घेऊन म्हणाला, "एका कानावर हात ठेव आणि समोर बसलेल्याला गोष्ट सांगतोस तसं गा." बास, एवढंच. हसला नाही, शिकवणीही लावली नाही.

माझी आजी विड्या वळायची. मी थांबलो की म्हणायची, "इंकोटी पाडरा", म्हणजे अजून एक म्हण रे. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी शास्त्रीय संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेलं नसताना 'शंकराभरणम्' या तेलुगू सिनेमातली रागदारीची गाणी गायली आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, हे ती शेजारच्या बायांना ठासून सांगायची. मी काही बालू नाही. पण आजीला कोण सांगणार!

गाणं शिकवते, होटगी रोड

मी जरा कडू बोलणार आहे. मला टोमण्याइतकीच फुकटच्या 'वा वा'ची भीती वाटते. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेला बसवायला पालक मुलीला घेऊन येतात. घरात सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलेलं असतं. पहिल्याच दिवशी "गंधार चढतोय गं", म्हणजे 'ग' जागेपेक्षा वर जातोय, म्हटलं की डोळ्यांत पाणी. चूक तिची नाही, तिला खरं कुणी सांगितलेलंच नसतं.

माझ्याकडे नियम असा: चारचौघांत चूक काढायची नाही आणि एकट्यात लपवायची नाही. "तुला सूरच नाही" हे वाक्य बंद. कुठल्या शब्दावर कुठला सूर हलला, तेवढं बोलायचं, तेही एका वेळी एकच. सुरांमधला फरक मुळातच न कळणारी माणसं असतात, पण फारच थोडी. बाकीच्यांना तंबोऱ्यासमोर बसवून लांब 'सा' धरायला लावला की बरंच काही जागेवर येतं. काम कंटाळवाणं आहे, म्हणून कोणी करत नाही. टाळ्या वाजवणं सोपं आणि हसणं त्याहून सोपं.

साउंडवाला, विजापूर रोड

माझं म्हणणं वेगळं आहे. मोबाइलवर शब्द पळतात आणि ब्लूटूथच्या स्पीकरमधनं म्युझिक किंचित मागनं येतं. गाणारा शब्द बघून उचलतो, ताल सुटतो, नि लोक म्हणतात ह्याला तालच नाही. वायर लावा की! दुसरं, सगळे स्पीकर लोकांकडं तोंड करून. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कुठनं ऐकू येणार? एक छोटा स्पीकर त्याच्याकडं वळवा. तिसरं, इको. मंडळाचा पोरगा बटण पूर्ण फिरवतो, मग सगळंच विहिरीतनं आल्यासारखं. ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो, तो ॲपमध्ये दोन पट्ट्या खाली घेता येतो, हेही निम्म्यांना ठाऊक नसतं. एवढं बघा, मग माणसाला नावं ठेवा.

नववीतल्या मुलाची आई

आवाज फुटला तसा वर्गात हशा झाला आणि पोरानं गाणं सोडलं. आजोबांनी त्याला वरच्या सुरांच्या मागे न लागता खालच्या खालीच गुणगुणायला सांगितलं. हल्ली अंघोळीच्या वेळी ऐकू येतं. आम्ही कौतुक करायला जात नाही, लगेच बंद पडतं.

शेजारी, पत्ता देत नाही

मी गात नाही, मला ऐकावं लागतं. वरच्या मजल्यावरच्या काकांचं एकच गाणं आहे, तेही अंतऱ्यापर्यंतच. प्रोत्साहनाला माझी ना नाही. पण रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला कायद्यानं बंदी आहे, एवढं कोणीतरी त्यांना प्रेमानं सांगा. आणि दुसरा अंतरा शिकवा.

धागाकर्ती

शेजारी, काकांना आमच्याकडे पाठवा, दुसरा अंतरा आम्ही बसवून घेतो. जुळे सोलापूरच्या ताई, पेटीवाले काका रविवारी सकाळी मोकळे असतात का? वहिनींना मी आणते, पण पट्टी आधी बघून ठेवायला हवी. साउंडवाले दादा, वायर किती लांबीची आणू? पूर्व भागातले भाऊ, तुम्ही तेलुगूच गा. बाकीचे लिहीत राहा.